विश्लेषण : डाउनहिल सायकलचे हँडल किती रुंद हवे? ‘८०० मिलिमीटर’चा आकडा सर्वांसाठी का नाही?

डाउनहिल सायकलिंगसाठी नवे हँडल मागवले की खोक्यातून बहुतेक वेळा ८०० मिलिमीटर रुंदीची नळी निघते. तिच्या दोन्ही टोकांना पाच-पाच किंवा दहा-दहा मिलिमीटरवर बारीक रेषा छापलेल्या असतात. त्या शोभेच्या नसतात. तिथून हँडल कापायचे असते. पायजमा शिवताना खाली जादा कापड सोडावे, तशी ही कंपनीने सोडलेली जादा लांबी आहे. तरीही अनेक जण हँडल जसे आले तसेच बसवतात आणि मग मनगट दुखते, वळणावर पुढचे चाक भलतीकडे जाते, अर्ध्या उतारावरच हात भरून येतात, अशा तक्रारी करत राहतात. दोष शॉकॲब्जॉर्बरला दिला जातो, टायरला दिला जातो. हँडलकडे सहसा कोणी पाहत नाही.

सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि हिमाचलमधील उतारांवर माउंटन बाइक घेऊन जाणाऱ्यांची संख्या मराठी तरुणांमध्ये वाढते आहे. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त युरोपातील व्यावसायिक स्पर्धकांचा राहिलेला नाही. हँडल निवडताना रुंदी, उंची, कोन, धातू की कार्बन हे सगळे कसे ठरवायचे आणि त्यात जिवाशी खेळ नेमका कुठे होतो, हे समजून घेऊ.

डाउनहिल म्हणजे नक्की काय?

डोंगरावरून खाली, एकेकट्याने, घड्याळाविरुद्ध. चढ जवळपास नाहीच. वर जायला रोपवे किंवा गाडी असते. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम हा विश्वचषक मालिकेतील सर्वात नावाजलेला मार्ग. सुमारे २.८ किलोमीटरच्या अंतरात तो ५५० मीटरहून अधिक खाली उतरतो आणि जगातील अव्वल सायकलपटू तो साडेचार मिनिटांच्या आसपास पार करतात. दगड, ओली मुळे, लाकडी उड्या, चिखल असे सगळे त्यात येते. एवढा वेळ स्पर्धक खोगिरावर जवळपास बसतच नाही. तो पेडलवर उभा असतो आणि सायकलशी त्याचा संबंध फक्त चार ठिकाणी येतो : दोन पाय आणि दोन हात. वजन पेलायला पाय असतात. दिशा, ब्रेक आणि पुढच्या चाकाची ‘खबर’ मात्र पूर्णपणे हातांकडे, म्हणजेच हँडलकडे.

हँडल एवढे रुंद झालेच कसे?

माउंटन बायकिंगचा उगम सांगताना कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीतल्या ‘रीपॅक’ शर्यतीचे नाव हमखास येते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ती पहिल्यांदा झाली. जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली घेऊन काही तरुण मातीच्या रस्त्याने सुमारे ४०० मीटर खाली उतरत. मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की हबमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून ‘रीपॅक’ हे नाव पडले. गंमत अशी, की या पहिल्या सायकलींची हँडल्स चांगली रुंद होती.

पुढे उलटेच झाले. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि त्यात डाउनहिलचाही समावेश होता. तोपर्यंत माउंटन बाइकवर रस्त्यावरील शर्यतींची छाप पडली होती. हँडल ६०० मिलिमीटरच्या आत-बाहेर, त्याला धरून ठेवणारा स्टेम मात्र १२०-१३० मिलिमीटर लांब. चढावर पुढे झुकून जोर लावायला ही रचना बरी. उतारावर मात्र बरेचसे वजन पुढच्या चाकावर जाई आणि सायकलस्वार हँडलवरून उलटण्याची शक्यता वाढे.

नंतरच्या दोन दशकांत सायकलीचा सांगाडाच बदलत गेला. पुढचा चिमटा अधिकाधिक तिरका झाला. आजच्या डाउनहिल सायकलींत तो जमिनीशी साधारण ६२ ते ६४ अंशांचा कोन करतो. चाक पुढे गेल्याने वेगात सायकल स्थिर राहते, पण वळवायला जड होते. हा जडपणा भरून काढण्यासाठी स्टेम आखूड झाला आणि हँडल रुंद होत गेले. आधी ७००, मग ७५० आणि आता ८०० मिलिमीटर. काही कंपन्या ८१० किंवा ८२० मिलिमीटरचीही हँडल्स विकतात.

रुंद हँडलचा नेमका फायदा काय?

हा सरळसरळ तरफेचा प्रश्न आहे. मुठीचा मध्य हँडलच्या टोकापासून साधारण ६० मिलिमीटर आत असतो असे धरू. मग ७०० मिलिमीटरच्या हँडलवर प्रत्येक हात मध्यापासून २९० मिलिमीटर दूर राहतो, तर ८०० मिलिमीटरच्या हँडलवर ३४०. तेवढेच चाक वळवण्यासाठी किंवा एखाद्या दगडाने चाकाला दिलेला हिसका रोखण्यासाठी रुंद हँडलवर सुमारे १५ टक्के कमी जोर लागतो. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात चाक दगडावर आदळून एका बाजूला फिरू पाहते, तेव्हा हा फरक जाणवतो.

दुसरा फायदा शरीराच्या ठेवणीचा. हात थोडे फाकले की कोपरे आपोआप बाहेर येतात, छाती खाली जाते आणि हात शॉकॲब्जॉर्बरसारखे काम करू लागतात. पुश-अप मारताना हात अगदी छातीखाली ठेवले तर लगेच दम लागतो. खांद्यांपेक्षा जरा बाहेर ठेवले की जोर नीट लागतो. उतारावर हँडल धरतानाही हेच घडते.

मग रुंदी वाढवण्यात अडचण कुठे येते?

पुश-अपचेच उदाहरण पुढे नेऊ. हात आणखी बाहेर, अगदी सतरंजीच्या दोन कडांपर्यंत नेले, तर छाती खाली जाते खरी, पण परत वर येता येत नाही. ८०० मिलिमीटरचे हँडल धरलेल्या कमी उंचीच्या सायकलस्वाराचे नेमके हेच होते. त्याचे हात आधीच जवळपास ताणलेले असतात. खड्डा आला की कोपर वाकायला आणि मग सरळ व्हायला जागा उरत नाही, सगळा दणका खांद्यात जातो. वळणावर बाहेरच्या बाजूचा हात पुरत नाही, म्हणून सायकलस्वार नकळत अंग पुढे ओढतो किंवा वळण अर्धेच घेतो. यालाच मग ‘सायकल वळत नाही’ असे म्हटले जाते.

उंचीवरून रुंदीचा अंदाज बांधण्याचे एक ढोबळ सूत्र प्रशिक्षक मंडळींत प्रचलित आहे. सेंटीमीटरमधील उंचीला ४.४ ने गुणायचे, उत्तर मिलिमीटरमध्ये येते. १८२ सेंटीमीटर उंचीच्या, म्हणजे जवळपास सहा फुटी माणसासाठी ते ८०० येते. १७५ सेंटीमीटरला ७७०. आणि १६५ सेंटीमीटरला ७२६. भारतीय पुरुषाची सरासरी उंची या शेवटच्या आकड्याच्या आसपास आहे, महिलांची त्याहून कमी. म्हणजे खोक्यातून निघणारे ८०० मिलिमीटरचे हँडल सहा फुटी माणसाच्या मापाचे आहे आणि आपल्याकडच्या सरासरी उंचीच्या सायकलस्वारासाठी ते एका बाजूला तीन ते चार सेंटीमीटर जास्त आहे. दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार सहा फुटांहून चांगलाच उंच. तो किंवा त्याच्यासारखा कोणी रुंद हँडल वापरतो म्हणून साडेपाच फुटी चाहत्याने तेच बसवणे म्हणजे त्याचे बूट घालून पळण्यासारखे आहे.

हे सूत्र काही निसर्गनियम नव्हे. सारख्या उंचीच्या दोन माणसांचे खांदे आणि हात सारखे नसतात. पण सुरुवातीचा आकडा म्हणून ते कामाचे आहे.

झाडांचाही विचार हवा. युरोप-कॅनडातील जंगलांमधल्या मार्गांवर दोन झाडांतील फट अनेकदा हँडलपेक्षा जेमतेम मोठी असते. टोक एका झाडाला घासले तरी चाक क्षणात आडवे होते. सह्याद्रीत दाट झाडांपेक्षा कारवीची झुडपे आणि वाटेच्या कडेचे दगड जास्त असतात. तिथेही अरुंद पायवाटेवर रुंद हँडल आधी अडकते.

कापल्याने हँडल फक्त आखूड होते का?

नाही. इथे थोडे गणित आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही.

हँडल मध्यभागी स्टेममध्ये घट्ट आवळलेले असते. तिथून बाहेर आलेली प्रत्येक बाजू एका टोकाला भिंतीत रोवलेल्या दांड्यासारखी वागते. अशा दांड्याच्या मोकळ्या टोकावर जोर दिला, तर तो किती वाकेल हे लांबीच्या घनावर अवलंबून असते. लांबी दुप्पट झाली की वाकणे आठपट होते. ८०० मिलिमीटरच्या हँडलमध्ये स्टेमच्या कडेपासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर साधारण ३१५ मिलिमीटर भरते. तेच हँडल कापून ७४० केले की हे अंतर २८५ उरते. लांबी साडेनऊ टक्के कमी झाली, पण वाकणे सुमारे २६ टक्क्यांनी घटले. नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येईल. दिशा मात्र हीच.

आता यात वजन मिळवा. ८५ किलोच्या उंच सायकलस्वारासाठी बनवलेले हँडल ५५ किलोच्या सायकलस्वाराने कापून वापरले, तर त्याच्या वाट्याला येणारी लवचीकता मूळच्या निम्म्याहून कमी असते. त्या हँडलमधून बारीक थरथर थेट तळहातात येते. बोटे बधिर होणे, कोपराखालचा हात दगडासारखा घट्ट होणे, ब्रेक दाबायला बोट न हलणे, सायकलपटू ज्याला ‘आर्म पंप’ म्हणतात ते सगळे इथून सुरू होऊ शकते. कमी वजनाच्या स्पर्धकांनी, विशेषतः मुलींनी, केवळ ‘सगळ्यात ताठ’ अशी जाहिरात असलेले हँडल टाळावे, याचे कारण हे गणित आहे.

कारखान्यात ड्रिल किंवा ब्रेकर चालवणाऱ्या कामगारांच्या हातांना किती कंप सोसावा लागतो, यावर युरोपीय महासंघाने २००२ च्या निर्देशाद्वारे मर्यादा घातली आहे. दिवसभर दहा-बारा फेऱ्या मारणाऱ्या हौशी सायकलस्वारावर अशी मर्यादा घालणारा कोणी नाही.

३१.८ की ३५ मिलिमीटर?

हँडलचा मधला, स्टेममध्ये धरला जाणारा भाग दोन जाड्यांमध्ये मिळतो : ३१.८ आणि ३५ मिलिमीटर. पूर्वी २५.४ मिलिमीटरचा चालत असे. तो आता जुन्या किंवा स्वस्त सायकलींवरच दिसतो. मुठीकडचे टोक मात्र सगळ्यांचे २२.२ मिलिमीटरच असते, त्यामुळे ग्रिप आणि ब्रेक कुठल्याही हँडलवर बसतात. स्टेमचे तसे नाही. ३५ च्या स्टेममध्ये ३१.८ चे हँडल ‘पट्टी घालून’ बसवण्याचा उद्योग दुकानात कोणी सुचवला, तर सायकल उचलून घरी यावे.

२०१० च्या दशकात ३५ मिलिमीटरचे हँडल आले ते जास्त ताठ आणि तरीही हलके या दाव्यासह. दावा खोटा नाही. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास ३१.८ वरून ३५ केला, तर त्या भागाचा ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पण डाउनहिलमध्ये हा जादा ताठपणा सर्वांना हवा होता का? अनेकांना नव्हता, असे आता दिसते. बऱ्याच जणांनी पुन्हा ३१.८ ची वाट धरली. कंपन्यांनीही मग उलट्या दिशेने डोके लढवले. वनअपने ३५ चे हँडल मधल्या भागापलीकडे लंबगोल केले, जेणेकरून ते वर-खाली थोडे लवेल पण वळवताना ताठ राहील. स्पँकने नळीच्या पोकळीत फोमसारखा पदार्थ भरला. फास्ट या अमेरिकी कंपनीने तर मोटोक्रॉसच्या अनुभवावरून हँडललाच बिजागऱ्या दिल्या. आधी ताठपणा विकला, मग लवचीकता विकली, असे म्हणायला जागा आहे.

उंची आणि कोन कसे ठरवायचे?

हँडलचा मध्य आणि टोके यांच्या उंचीतील फरकाला ‘राइझ’ म्हणतात. तो साधारण १० ते ४० मिलिमीटर असतो, अलीकडे ५० ते ७५ मिलिमीटरचीही हँडल्स दिसू लागली आहेत. मागे एकदा हे उलट्या दिशेने गेले होते. डाउनहिलमध्ये २९ इंची चाके आली आणि २०१७ मध्ये फोर्ट विल्यमची विश्वचषक फेरी मिनारने अशाच सायकलवर जिंकली, तेव्हा मोठ्या चाकाने पुढची बाजू आधीच वर उचलली गेली म्हणून राइझ कमी करण्याकडे कल होता. नंतर लक्षात आले, की फार तीव्र उतारावर हात उंच असतील तर अंग मागे टाकून लटकावे लागत नाही आणि सायकलस्वार दोन चाकांच्या मध्ये राहतो. मात्र हात फार उंच गेले, की सपाट वळणांवर पुढच्या चाकावरचा भार घटतो आणि ते घसरते. ज्याच्या मार्गात तीव्र उतार जास्त, त्याला राइझ जास्त, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

‘बॅकस्वीप’ म्हणजे टोके सायकलस्वाराकडे किती वळली आहेत तो कोन, बहुतेक ७ ते ९ अंश. ‘अपस्वीप’ म्हणजे ती वर किती वळली आहेत, साधारण ५ अंश. डोळे मिटून दोन्ही हात पुढे करून मुठी सैल आवळल्या, तर त्या कधीच अगदी सरळ रेषेत येत नाहीत, थोड्या तिरक्या राहतात. हँडलचा कोन त्याच्याशी जुळला नाही, तर मनगट दिवसभर मुरगळलेल्या अवस्थेत राहते. नवे हँडल घेण्याआधी आहे तेच स्टेममध्ये दोन-तीन अंश पुढे-मागे फिरवून पाहावे. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात आणि खर्च शून्य.

आपली रुंदी शोधायची कशी?

आधी सूत्राने आकडा काढावा. मग जमिनीवर पुश-अपच्या स्थितीत जाऊन, जिथे हात आपोआप पडतील तिथे दोन तळहातांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर कोणाकडून तरी मोजून घ्यावे. दोन्ही आकडे जवळपास आले तर उत्तम. आले नाहीत तर मोठा आकडा धरून सुरुवात करावी, कारण कापलेले हँडल पुन्हा जोडता येत नाही.

त्यानंतर लगेच करवत उचलायची गरज नाही. स्क्रूने आवळायच्या ग्रिप असतील तर त्या आणि ब्रेकचे लिव्हर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिलिमीटर आत सरकवावे आणि ओळखीच्या उतारावर, नेहमीपेक्षा कमी वेगात तीन-चार फेऱ्या माराव्यात. या चाचणीत नळीची टोके ग्रिपबाहेर डोकावतात, म्हणून ती झाकलेली हवीत आणि चाचणी झाडा-दगडांपासून दूर, मोकळ्या जागी हवी. बरे वाटले तरच कापावे, तेही एका बाजूला पाच मिलिमीटरच्या टप्प्याने. कंपनीने किमान रुंदी सांगितलेली असते, तिच्याखाली जाऊ नये. मधला वाकलेला भाग सरळ भागाला जिथे मिळतो, तिथपर्यंत कापत गेले तर ब्रेक आणि ग्रिप बसायलाच जागा राहत नाही.

ॲल्युमिनियमला नळ कापायचा पाइप कटर चालतो, नंतर कडेवर कानस फिरवायची. कार्बनला पाइप कटर कधीही लावू नये, त्याने तंतू चिरडतात. बारीक दातांचे हॅक्सॉ ब्लेड, कापायच्या जागी चिकटपट्टी, तोंडाला मास्क आणि कापताना पाणी, कारण कार्बनची भुकटी फुप्फुसात जाणे चांगले नाही. शेवटी दोन्ही टोकांना बुचे बसवायची. बूच नसलेल्या पोकळ नळीवर पोटावर पडल्यास ती अक्षरशः छिद्र पाडते. सायकलच्या हँडलमुळे यकृत, प्लीहा यांना होणाऱ्या इजा बालशल्यचिकित्सेत चांगल्याच परिचयाच्या आहेत. स्पर्धेतही उघडी टोके चालत नाहीत.

कार्बन की ॲल्युमिनियम?

कार्बनचे हँडल ॲल्युमिनियमपेक्षा साधारण शंभर ग्रॅमने हलके आणि किमतीने दुप्पट किंवा त्याहून जास्त. डाउनहिलची सायकल मुळातच जड असते आणि वर रोपवेने जाते. तिथे शंभर ग्रॅमने फारसे काही होत नाही. कार्बनचा खरा गुण वेगळा आहे. तंतूंची दिशा बदलून एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला लवचीक असे हँडल बनवता येते आणि नीट बनवलेले कार्बन वारंवार येणाऱ्या भारांनी सहजी थकत नाही. त्याचा दोष म्हणजे आत तडा गेला तरी तो बाहेरून दिसेलच असे नाही.

ॲल्युमिनियम पडल्यावर बहुधा वाकते, ओरखडा दिसतो, संशय घेता येतो. पण ते थकते. पोलादाच्या बाबतीत ठरावीक मर्यादेखालचे भार कितीही वेळा आले तरी चालते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक दणका हिशेबात जमा होत असतो. नवशिक्याने, वारंवार पडणाऱ्याने आणि ज्याला टॉर्कचा पाना वापरायचा कंटाळा आहे त्याने ॲल्युमिनियम घ्यावे, हे सरळ उत्तर. ऑनलाइन बाजारात नामांकित कंपन्यांचे लेबल लावून अगदी कमी किमतीत मिळणारी कार्बनची हँडल्स मात्र कोणीच घेऊ नयेत. आत किती थर आहेत, ते कसे रचले आहेत, हे रंगावरून कळत नाही.

हँडल तुटते कसे?

बहुतेक वेळा स्टेमच्या अगदी कडेशी. हातांचा सगळा भार तिथेच एकवटतो. एका हातावर ५० किलोइतका भार आला तरी ८०० मिलिमीटरच्या हँडलमध्ये त्या कडेशी सुमारे १५५ न्यूटन-मीटरचा पीळ तयार होतो. मोटारीच्या चाकाचे नट आवळायला साधारण एवढाच जोर लागतो. उडीनंतर जमिनीवर आदळताना तो याहून कितीतरी जास्त. त्याच जागी स्टेमचे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळलेले असतील किंवा स्टेमची कड धारदार असेल, तर तिथे बारीक चर पडते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

हँडलचा थकवा किती बेमालूम असतो, हे जगाने टोकियो ऑलिम्पिकमध्ये पाहिले. ती शर्यत डाउनहिलची नव्हती, गुळगुळीत लाकडी ट्रॅकवरची होती. २ ऑगस्ट २०२१ रोजी सांघिक पर्सूटच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स पोर्टरच्या हातात हँडल तुटून आले आणि तो तोंडावर आपटला. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत कारण निघाले धातूचा थकवा. प्रत्यक्ष वापरातले भार गृहीत धरून त्या भागाची पुरेशी चाचणी झाली नव्हती. एकही खड्डा नसलेल्या मार्गावर, देशातील उत्तम तंत्रज्ञ हाताशी असताना हे घडले. दगडांच्या उतारावर, घरी पान्याने आवळलेल्या हँडलची काळजी किती घ्यावी लागेल, हे त्यावरून समजते.

सायकलींच्या सुरक्षेसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात हँडल व स्टेमच्या थकव्याची चाचणीही आहे. त्याशिवाय अनेक कंपन्या अमेरिकी एएसटीएम मानकातील वर्गवारी वापरून सुटा भाग कुठल्या वापरासाठी आहे ते सांगतात. डाउनहिलसाठी ‘श्रेणी ५’ लिहिलेले पाहावे. ‘श्रेणी ३’चे हलके क्रॉसकंट्री हँडल डाउनहिलवर बसते, दिसतेही छान, पण ते त्या दणक्यांसाठी बनलेले नसते.

बसवताना आणि नंतर काय पाहायचे?

स्टेमवर ‘५ एनएम’ किंवा तत्सम आकडा छापलेला असतो. तेवढाच टॉर्क, समोरासमोरच्या कोपऱ्यांतील बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळत. कार्बनवर हँडल घसरत असेल तर बोल्ट अधिक आवळायचे नसतात, कार्बनसाठी मिळणारी खरखरीत पेस्ट लावायची असते. ब्रेकच्या लिव्हरचे स्क्रू इतकेच आवळावेत, की पडल्यावर लिव्हर फिरेल. तो फिरला तर हँडल आणि लिव्हर दोन्ही वाचतात.

महिन्यातून एकदा स्टेमचे झाकण उघडून आतली जागा पुसून बोटाने चाचपावी. नख अडकेल अशी रेष, रंगातील केसासारखी चीर, कार्बनवर दाबल्यावर मऊ लागणारा भाग यांपैकी काहीही आढळले तर हँडल बाद. मोठ्या अपघातानंतर, विशेषतः सायकल उलटून हँडलच्या टोकावर आपटली असेल, तर कार्बनचे हँडल काहीही न दिसता बदलावे. ॲल्युमिनियमचे वाकले असेल तर ते सरळ करून घेण्याचा मोह टाळावा. नियमित डाउनहिल करणारे बरेच जण दोन हंगामांनंतर ॲल्युमिनियमचे हँडल न मोडताच बदलतात. लक्षात राहावे म्हणून काही जण बसवल्याची तारीख ग्रिपखाली मार्करने लिहून ठेवतात.

आणि काढलेले हँडल भंगारात देण्यापूर्वी मधोमध कापून द्यावे. अख्खे दिले, तर ते जुन्या बाजारातून फिरून आणखी कोणाच्या तरी सायकलवर बसते.